खळ, सरस आणि लाकडी विमान

पतंग चिकटविणाऱ्या मुलाची खळ आणि सुताराचा सरस या वस्तु दिसण्यांत भिन्न. मर्म मात्र एकच. खळ पिठांतील स्टार्चची, सरस जनावरांच्या कातड्या-हाडांचा. स्टार्चचा रेणु म्हणजे ग्लुकोजच्या असंख्य कड्यांची सांखळी. सरसाची सांखळी अमिनो आम्लांची. पाण्यांत शिजविल्यावर या सांखळ्या सैल होऊन लाकडाच्या रंध्रांत शिरतात, आणि पाणी उडून गेलें कीं तेथेंच गुंतून बसतात. त्यांच्या अंगचीं ऑक्सिजन-हायड्रोजनचीं टोकें लाकडांतील सेल्युलोजच्या तशाच टोकांस ओढून धरतात. परंतु जें पाण्यानें सैल झालें, तें पुन्हां पाण्यानें सैल होणारच! पावसाळ्यांत पुस्तकांचे पुठ्ठे सुटतात व त्यांवर बुरशी चढते, तें यामुळेंच.

पुठ्ठा सुटला तर फारसें बिघडत नाहीं; विमानाचा सांधा सुटून कसें चालेल? डी हॅविलंड कंपनीचें मॉस्किटो हें लाकडी विमान इंग्लंडांत २५ नोव्हेंबर १९४० रोजीं प्रथम उडालें. आरंभीं त्याचे सांधे दुधांतील केसीनच्या सरसानें जोडीत. केसीन हेंहि प्रथिनच. उष्ण व दमट हवेंत तें बुरशीचें भक्ष्य होई. हिंदुस्थान-ब्रह्मदेशाच्या हवेंत अशा सांध्यांवर विसंबणें म्हणजे वैमानिकाचा जीव टांगणीस लावणें होतें. म्हणून पुढें युरिया व फॉर्माल्डिहाइड यांपासून केलेला कृत्रिम सरस वापरांत आला.

हा युरिया म्हणजे तोच पदार्थ, जो जर्मन रसायनज्ञ वोलर यानें १८२८ सालीं सजीवाच्या साहाय्यावांचून प्रयोगशाळेंत घडविला, आणि सेंद्रिय रसायनशास्त्राची दिशा पालटली. लाकडी विमानांस उपयोगी असा त्याचा सरस नॉर्मन डी ब्रूइन यांनीं १९३७ सालीं केंब्रिजजवळ डक्सफर्ड येथें सिद्ध केला. तो नुसता वाळत नाहीं. आम्लाचा स्पर्श होतांच दोन्ही द्रव्यांचे रेणु पाण्याचा अंश टाकून परस्परांस जोडले जातात. सांखळ्यांचें जाळें बनतें. तें पाण्यांत विरघळत नाहीं, आणि बुरशीसहि रुचत नाहीं.

तथापि तेंहि निर्दोष नव्हे. दीर्घकाळ उष्णता व ओल लागली तर हे बंध हळूहळू तुटून फॉर्माल्डिहाइड वायु सुटतो. आजच्या दाबीव फळ्यांच्या नव्या कपाटास येणारा, डोळे चुरचुरविणारा वास बहुधा त्याचाच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें २००४ सालीं हा वायु मनुष्यास कर्करोगकारक ठरविला. म्हणून अमेरिकेंतील कांहीं प्लायवुड-कारखाने पुन्हां प्रथिनाकडे, सोयाबीनच्या पिठाकडे, वळले आहेत. मात्र तें नुसतें वाळूं न देतां, दुसरें रसायन मिसळून त्याच्या सांखळ्या एकमेकींस बांधून टाकतात.