आई, हा पिन कसला?

बहुतेक घरांत मुलं खेळतात तो मोबाइल आई-बाबांचाच असतो आणि बँकेचं खातंही त्यालाच जोडलेलं असतं. गेममध्ये ‘फुकट हिरे’ देणारी लिंक आली, की मूल ती उघडणारच. म्हणून एकदा शेजारी बसवून दाखवा: यूपीआय पिन लागतो तो पैसे देताना, घेताना नाही. हे कितीतरी मोठ्यांनाही ठाऊक नसतं! चूक झाल्यावर मुलानं स्वतःहून सांगितलं, तर मोबाइल हिसकावू नका. नाहीतर पुढच्या वेळी ते गप्प बसेल. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन फिरवा. लवकर कळवलं, तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त. कुणी फोटोवरून धमकावत असेल, तर चॅट पुसू नका, तो पुरावा आहे. मुलांना स्वतः मदत मागायला १०९८ ही हेल्पलाइन आहे.