चोराचं भांडवल



मराठवाड्यातला माल समुद्रापार जायचा तर बहुतेक वेळा तो उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून जातो. २७ जून २०१७ रोजी त्या बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. क्रेन जागेवर होत्या, माणसं कामावर होती. पण कोणता कंटेनर कुणाचा आणि कुठं जायचा, हे सांगणारे संगणक बंद पडले होते. टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहाकडे होतं आणि 'नॉटपेट्या' नावाच्या व्हायरसने त्या समूहाची जगभरची यंत्रणा एका दिवसात झोपवली होती. मर्स्कला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. कंपनीतल्या कुणाला काय उघडता येईल, याची नोंद ठेवणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर पुसले गेले. वाचला तो एकच, आफ्रिकेतल्या घाना देशातला. कारण काय, तर त्या वेळी तिथली लाइट गेली होती! लोडशेडिंगने कुणाचं एवढं भलं केल्याचं आपल्याकडे तरी ऐकिवात नाही.

हा व्हायरस निघाला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. पण एका संगणकावरून तो हजारोंवर गेला कसा? त्याच्याकडे मुख्यतः दोन वाटा होत्या. एक, विंडोजमधली एक त्रुटी. तिच्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. दुसरी वाट अधिक वाईट. ज्या संगणकात तो शिरला, त्याच्या मेमरीत पडून असलेली लॉगिनची माहिती त्याने उचलली आणि ॲडमिन असल्याच्या थाटात तो शेजारच्या संगणकात गेला. दुरुस्ती केलेले संगणकही त्यामुळे पडले. आजचा विषय या दुसऱ्या वाटेचा आणि तिच्या भावंडांचा आहे.

ही चोरी समजायची तर आधी हॅश म्हणजे काय ते पाहू. तुम्ही एखाद्या वेबसाइटवर पासवर्ड ठेवता, तेव्हा नीट चालवलेली वेबसाइट तो जसाच्या तसा लिहून ठेवत नाही. एका गणिती क्रियेतून त्याची ठरावीक लांबीची, आकडे आणि अक्षरांची एक ओळ काढते आणि तेवढीच जपते. तोच हॅश. त्यावरून उलटं पासवर्डकडे येता येत नाही. '१२३४५६' या पासवर्डचा एमडी५ या जुन्या पद्धतीने काढलेला हॅश 'ई१०एडीसी३९४९' असा सुरू होतो आणि ३२ अक्षरांवर संपतो. शेवटच्या सहाच्या जागी सात केला की ३२ अक्षरांची ओळ जवळजवळ सगळीच बदलते. पण '१२३४५६' हाच पासवर्ड परभणीत ठेवा नाही तर पॅरिसमध्ये, त्याचा एमडी५ हॅश तोच येतो. चोरीचा माल तपासणारे लोक ही ओळ नुसती बघून ओळखतात.

चोराचं भांडवल इथंच आहे. हॅश उलटवता येत नसला तरी चोर अंदाज करू शकतो. एक शब्द घ्यायचा, त्याचा हॅश काढायचा, चोरलेल्या यादीशी जुळवायचा. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन या दोघांनी १९७९ मध्ये असे ३,२८९ पासवर्ड तपासले. त्यातले ८६ टक्के फार आखूड, नुसत्या लहान अक्षरांचे किंवा शब्दकोशात सापडणारे होते. यावर त्यांनी एक उपायही दिला. प्रत्येक पासवर्डला हॅश करण्याआधी वेगवेगळी चिमूटभर यादृच्छिक भर घालायची. त्या भरीला त्यांनी नावच 'मीठ' दिलं. मीठ घातलं की दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळे येतात, आणि चोराला एकदा केलेली मेहनत सगळ्यांवर वापरता येत नाही.

उपाय १९७९ चा, तरी २०१२ मध्ये लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश बाहेर आले ते बिनमिठाचे होते. २०१६ मध्ये तर त्याच चोरीतल्या ११ कोटी ७० लाख खात्यांची माहिती विक्रीला आली.

आता वेगाचा हिशेब करू. इंग्रजी लहान अक्षरांचे आठ अक्षरी जेवढे म्हणून पासवर्ड होतील, ते २०,८८३ कोटी. आकडा मोठा वाटतो. पण गेम खेळण्यासाठी दुकानात मिळणारं एक ताकदवान ग्राफिक्स कार्ड एमडी५ चे हॅश सेकंदाला १६,००० कोटींच्या आसपास काढतं. म्हणजे सगळी यादी सव्वा सेकंदात संपते. १९९९ मध्ये आलेली 'बीक्रिप्ट' ही पद्धत मुद्दाम संथ केलेली आहे. तिच्या अगदी सौम्य मात्रेतही त्याच कार्डाला सेकंदाला दोन लाखांच्या आतच हॅश काढता येतात, आणि तीच यादी संपायला तेरा दिवस लागतात. वेबसाइटने कोणती पद्धत निवडली ते आपल्या हातात नाही. पासवर्ड मात्र आहे.

तुम्ही म्हणाल, आम्ही मोठं अक्षर घालतो, चिन्ह घालतो, आकडे घालतो. बरोबर. पहिलं अक्षर मोठं करून इंग्रजीत गावाचं नाव 'जिंतूर', पुढे ॲटचं चिन्ह, पुढे १२३. दहा अक्षरं झाली, सगळे नियम पाळले, वेबसाइटने हिरवी खूण दिली. पण चोराचं सॉफ्टवेअर गावांची, देवांची, माणसांची नावं घेतं, पहिलं अक्षर मोठं करतं, मागे ॲट आणि १२३ लावतं. कारण सगळे तसंच करतात. गाडीचा एमएच २२ घाला किंवा जन्मसाल घाला, तेही त्याच्या नियमांत बसतं. ऑफिसात दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावला की आपण १२३ चं १२४ करतो. म्हणूनच अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेने २०१७ पासून विनाकारण ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, असं सांगितलं आहे.

याहून मोठी खोड म्हणजे एकच पासवर्ड सगळीकडे वापरणं. मे २०१७ मध्ये झोमॅटोच्या १ कोटी ७० लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली; कंपनीच्याच म्हणण्यानुसार त्यात ६६ लाख जणांचे पासवर्डचे हॅश होते. सुरुवात कुठून झाली? तिथल्या एका डेव्हलपरचं दुसऱ्याच एका वेब-होस्टिंग साइटवर खातं होतं. ती साइट २०१५ मध्ये फुटली, पासवर्ड उघडे पडले. तोच पासवर्ड त्याने गिटहबवर, म्हणजे कंपनीचा कोड जिथं ठेवला होता तिथं, वापरलेला होता. चोराने कोड वाचला, त्यातली फट शोधली आणि आत गेला. एका माणसाच्या एका सवयीची किंमत लाखोंना मोजावी लागली.

आता चोरीचा दुसरा प्रकार. यात अंदाज करण्याचीही गरज नाही. विंडोजच्या 'एनटीएलएम' या जुन्या पद्धतीत तुम्ही दुसऱ्या संगणकाकडे गेलात की तो एक आकडा पाठवतो आणि त्यावरून काढलेलं उत्तर मागतो. ते उत्तर काढायला हॅश लागतो, पासवर्ड लागतच नाही. ग्रामपंचायतीत सरपंचांच्या सहीचा रबरी शिक्का चालत असेल, तर शिक्का पळवणाऱ्याला सरपंचांचं अक्षर गिरवावं लागत नाही. तसाच हा प्रकार. पॉल ॲश्टन यांनी तो १९९७ मध्येच दाखवून दिला होता. इथं पासवर्ड चाळीस अक्षरांचा असला तरी उपयोग शून्य, आणि विंडोजच्या या हॅशमध्ये मीठही नाही.

हे आपल्याकडे कसं घडू शकतं? समजा, एका पतसंस्थेत बारा संगणक आहेत. बसवून देणाऱ्याने एक संगणक तयार केला आणि त्याची नक्कल बाराही ठिकाणी उतरवली. ॲडमिनचा पासवर्ड सगळीकडे एकच. काउंटरवरचा माणूसही ॲडमिनच्या खात्यावरच काम करतो, कारण प्रिंटर बसवताना सोपं जातं. एके दिवशी 'बिल' म्हणून आलेली फाइल तो उघडतो. त्या संगणकातला ॲडमिनचा हॅश चोराच्या हाती लागतो. तोच हॅश उरलेल्या अकरा संगणकांवर चालू शकतो, मॅनेजरच्या केबिनमधल्यावरसुद्धा.

दोन्ही प्रकारांत चोराचं भांडवल एकच आहे: आपला एकसारखेपणा. म्हणून उपायही त्याच दिशेचे आहेत.

आधी घरचे. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड हवा. एवढे लक्षात राहणार नाहीत, म्हणून पासवर्ड मॅनेजर वापरा. ते जमत नसेल तर घरातल्या वहीत लिहून कपाटात ठेवा. हॅश फोडणारा चोर तुमच्या कपाटापर्यंत येत नाही. पासवर्ड चार-पाच असंबद्ध शब्दांचा करा, जसं तवा, रिक्षा, हरभरा, पंचांग, शिडी. शब्द मनाने निवडू नका, चिठ्ठ्या टाका. पाच हजार शब्दांतून असे पाच उचलले, तर त्या ग्राफिक्स कार्डाला एमडी५ वरसुद्धा सगळे पर्याय संपवायला सात महिने लागतील आणि बीक्रिप्टवर पाच लाख वर्षांहून जास्त. अभंगाची ओळ किंवा गाण्याचा मुखडा नको, तो चोराच्या यादीत असू शकतो. जिथं सोय असेल तिथं टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा. पासवर्डऐवजी पासकी मिळत असेल तर ती घ्या, कारण तिच्यात वेबसाइटकडे चोरण्यासारखा पासवर्डच राहत नाही.

आता ऑफिसचे. रोजचं काम साध्या खात्यावर करा. प्रत्येक संगणकाचा ॲडमिन पासवर्ड वेगळा ठेवा. मोठ्या यंत्रणेत हे काम मायक्रोसॉफ्टचं 'लॅप्स' आपोआप करतं, एप्रिल २०२३ पासून ते विंडोजमध्येच आहे. लहान ऑफिसात कुलपातलं रजिस्टर पुरतं. मुख्य ॲडमिनने काउंटरच्या संगणकावर लॉगिन करूच नये, कारण त्याची माहिती मेमरीत मागे राहू शकते. अपडेट पुढे ढकलू नका. बॅकअपची एक प्रत वायर काढून वेगळी ठेवा. आणि घात झालाच तर झाकून ठेवू नका. संस्थांनी सहा तासांच्या आत 'सर्ट-इन' या सरकारी यंत्रणेला कळवावं, असा २०२२ चा आदेश आहे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

हे सगळं एका दिवसात होणार नाही. म्हणून क्रम सांगतो. घरी गेल्यावर आधी ईमेलचा पासवर्ड बदला, बँकेचा त्यानंतर. बहुतेक खात्यांचं 'पासवर्ड विसरलात?' ईमेलवरच येतं; ज्याच्या हाती तुमचं ईमेल, त्याला बाकीच्यांचे हॅश फोडत बसायची गरज नाही. आणि उद्या ऑफिसला गेलात की संगणक बसवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: सगळीकडे ॲडमिनचा पासवर्ड एकच आहे का? 'हो' म्हणाला, तर तो बदलून होईपर्यंत त्याला चहा पाजून तिथंच बसवून ठेवा.