तांबडी गाडी

दुसऱ्याच्या घरी जाऊन करावयाच्या धंद्याची मोठी अडचण अशी, की त्याचा माल दुकानात मांडून ठेवता येत नाही. कापडवाला ठाण उलगडून दाखवितो, सोनार दागिना हातावर ठेवतो. परंतु घर स्वच्छ करून देणारा मनुष्य काय दाखविणार? त्याची करामत गिऱ्हाइकाच्या उंबरठ्याच्या आत घडते, आणि आत घेतल्यावाचून ती दिसत नाही. त्यातून गिऱ्हाईक श्रीमंत वस्तीतील असले म्हणजे ही अडचण दुप्पट होते. तेथे दाराशी पहारेकरी, घरात नोकरचाकर, आणि जागोजाग मोलाच्या वस्तू; तेव्हा परक्या माणसाविषयी संशय अधिक. स्वस्ताईचे आमिषही तेथे चालत नाही. उलट फार स्वस्त म्हटले की यजमानीणबाईंच्या मनात शंका उभी राहते. लंडन शहरातील एका इंजिनिअराने विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी हे कोडे ज्या रीतीने सोडविले, ती हकीगत ऐकण्यासारखी आहे.

या गृहस्थाचे नाव ह्यूबर्ट सेसिल बूथ. त्याचा जन्म १८७१ साली ग्लॉस्टर येथे झाला. शिक्षणाने तो स्थापत्य व यंत्रविद्येतला; युद्धनौकांची इंजिने, झुलते पूल आणि जत्रेतल्या पाळण्यांची प्रचंड चाके हे त्याचे काम. व्हिएन्ना शहरात १८९७ साली उभारलेले व आजही फिरत असलेले जे अवाढव्य चक्र प्रवासी हौसेने पाहतात, त्याच्या बांधणीतही याचा हात होता. अशा माणसाचा आणि दिवाणखान्यातील धुळीचा संबंध यावयाचे कारण नव्हते. परंतु १९०१ साली लंडनच्या एम्पायर नाट्यगृहात एका अमेरिकन यंत्राचा प्रयोग पाहण्याचा योग त्याला आला. ते यंत्र दाबाखालील हवेचा झोत गालिचावर सोडून धूळ उडवीत असे. उडालेली धूळ पेटीत जावी अशी अपेक्षा होती, पण पुष्कळशी पुन्हा खाली बसे. बूथने त्याच्या कर्त्याला विचारले, "फुंकण्याऐवजी धूळ ओढून का घेत नाही?" ते अशक्य आहे, असे उत्तर मिळाले. पुढे एका उपाहारगृहात बूथने खुर्चीच्या मखमली पाठीवर हातरुमाल धरला, त्यावर तोंड टेकले आणि जोराने श्वास आत ओढला. ठसक्याने त्याचा जीव गुदमरला खरा. पण रुमालाच्या उलट बाजूस धुळीचा काळा डाग उमटला होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले.

त्या काळी लंडनमध्ये गालिचा साफ करणे म्हणजे केवढा खटाटोप! घरोघर दगडी कोळसा जळे, त्याची काजळी पडद्यांत आणि गालिच्यांत जाऊन बसे. मोलकरणी गालिचावर चहाची ओली पत्ती पसरून ती कुंचल्याने झाडीत, आणि वर्षाकाठी एकदा गालिचे उचलून परसात नेऊन काठ्यांनी बडवीत. बूथचे यंत्र हे काम गालिचा जागचा न हलविता करी. मात्र ते एवढे मोठे होते, की घरात नेणे शक्यच नव्हते. पेट्रोलवर चालणारे इंजिन आणि हवा ओढणारा पंप असा तो पसारा गाडीवर बसवावा लागे, आणि ती गाडी घोडे ओढीत. तेव्हा यंत्र विकण्याचा विचार सोडून त्याने धूळ काढून देण्याचे कामच विकावयाचे ठरविले आणि त्यासाठी ब्रिटिश व्हॅक्युम क्लीनर कंपनी काढली.

येथे बूथची खरी चतुराई दिसते. यंत्र रस्त्यावर उभे करावे लागणे ही त्याची अडचण होती; तिचीच त्याने जाहिरात केली. गाडीला त्याने झगझगीत तांबडा रंग दिला. मेफेअर किंवा बेलग्रेव्हिया म्हणजे लंडनचे धनिक मोहल्ले. तेथील शांत रस्त्यावर अशी गाडी एखाद्या दारासमोर धडधडत उभी राहिली, की समोरच्या घरातील पडदा बाजूला सरल्यावाचून कसा राहील? गाडीतून लांबच लांब नळ्या निघत आणि खिडक्यांतून आत जात. बरोबरची माणसे गणवेशात असत. कोणाच्या घरी काम चालले आहे, हे साऱ्या आळीला न सांगता कळे. वर्तमानपत्रातली जाहिरात वाचणारा ती विसरतो. शेजाऱ्याच्या दारात उभी राहिलेली तांबडी गाडी कोण विसरेल? शिवाय इंजिनाची घरघर आणि तेलाचा वास बाहेरच राही आणि आत येत ती गणवेशातील माणसे व नळी एवढीच. मोलाच्या वस्तूंनी भरलेल्या घरास याचा धीर वाटावा, हे साहजिक आहे.

पण सर्वांत नामी युक्ती काचेची होती. नळीच्या वाटेत काही भाग पारदर्शक ठेवून आतून वाहत जाणारी धूळ पाहणाऱ्यांना दिसेल अशी सोय केलेली असे. आपल्याकडे पाहुणे यावयाचे म्हणजे गृहिणी आदल्या दिवशीच कोपरान् कोपरा झाडून ठेवते, आणि राहिलेला केर सतरंजीखाली जातो, हे कोणी कबूल करो वा न करो! लंडनच्या उच्चभ्रू स्त्रियांनी मात्र याच्या उलट केले. त्यांनी मैत्रिणींना चहाला बोलावले, आणि चहा घेता घेता स्वतःच्या गालिचातील धूळ नळीतून जाताना त्यांना दाखविली. आपल्या घरात इतकी घाण होती याची लाज वाटावयाची, ती वाटली नाही. याचे कारण उघड आहे. धूळ सर्वांच्याच घरात असते. ती असल्या नव्या यंत्राने काढविण्याची ऐपत आणि हौस सर्वांना नसते. शिवाय प्रत्येक पाहुणीच्या मनात एकच विचार येत असला पाहिजे, की आपल्या घरी यापेक्षा किती निघेल! चहा संपेपर्यंत पुढची गिऱ्हाइके तयार होत. हे फिरस्त्या विक्रेत्यांचे काम यजमानीण स्वखुशीने, आणि स्वतःच्या चहासाखरेने, करीत होती.

१९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहाचा राज्यारोहण समारंभ व्हावयाचा होता. त्या आधी वेस्टमिन्स्टर ॲबेतील गालिचे बूथच्या यंत्राने साफ करण्यात आले. ही वार्ता राजवाड्यापर्यंत गेली. राजाराणींनी बकिंगहॅम राजवाड्यात यंत्राचा प्रयोग करवून पाहिला आणि एक यंत्र तेथे व एक विंडसर किल्ल्यात ठेवण्यासाठी मागविले. राजाने घेतले म्हटल्यावर सरदार मागे राहत नाहीत, आणि सरदारांनी घेतले म्हटल्यावर पेढीवाले मागे राहत नाहीत; हे विलायतेतच काय, कोठेही घडते.

विघ्नेही आली. गाडीच्या आवाजाने भाड्याच्या बग्ग्यांचे घोडे बुजत, म्हणून बग्गीवाल्यांनी दावे लावले. रस्त्यात यंत्र उभे करण्यास पोलिसांनी हरकत घेतली. भांडणे झाली, त्यांच्या बातम्या झाल्या, आणि बातम्यांनीही गाडीचे नाव फुकट पसरविले. पुढे पहिल्या महायुद्धात क्रिस्टल पॅलेस या काचेच्या विशाल वास्तूत आरमारी शिपायांची छावणी होती. तेथे साथ पसरली तेव्हा बूथची यंत्रे बोलावण्यात आली, आणि त्यांनी २६ टन धूळ बाहेर काढली असे नमूद आहे. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात मिळविलेल्या लौकिकाचा असा सार्वजनिक उपयोग झाला, ही त्या धंद्याची खरी प्रतिष्ठा होय.

तथापि या थाटात एक उणीव होती. धूळ रोज पडते आणि गाडी वर्षातून फार तर काही वेळा येते. अमेरिकेत ओहायो संस्थानातील कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर नावाचा, दुकान झाडण्याचे काम करणारा मनुष्य होता. त्याला दम्याचा विकार होता आणि झाडताना उडणारी धूळ त्याला सोसत नसे. पंख्याची मोटर, कुंचल्याचा दांडा आणि उशीचा अभ्रा एवढ्या सामग्रीतून त्याने एका हाताने ढकलता येईल असे विजेचे यंत्र जुळविले आणि १९०८ साली त्याचे पेटंट मिळविले. विल्यम हूवर या चामड्याच्या व्यापाऱ्याने ते हक्क विकत घेतले. दहा दिवस घरी वापरून पाहा, आवडले तर ठेवा, अशी त्याची जाहिरात होती; आणि यंत्र तो थेट न पाठविता त्या त्या गावच्या दुकानदारामार्फत पाठवी. म्हणजे ओळखीचा मनुष्य दाराशी आला. तांबड्या गाडीला शेजाऱ्यांचे डोळे लागत. हूवरच्या यंत्राला गावचा दुकानदार पुरे झाला. महायुद्धानंतर विलायतेत घरकामाला माणसे मिळेनाशी झाली, घरोघर वीज आली, आणि एकेकाळी चहाच्या पेल्यापलीकडून धूळ पाहणाऱ्या बाया स्वतःच यंत्र ढकलू लागल्या.

मुंबईत १९८२ साली निघालेल्या युरेका फोर्ब्स कंपनीचे विक्रेते गळपट्टा बांधून, यंत्र हातात घेऊन सुखवस्तू वस्त्यांतून घंटी वाजवीत फिरत. तेही भाषण थोडे करीत आणि घरच्याच गादीतील नाहीतर सतरंजीतील धूळ काढून घरच्यांना दाखवीत. ती पाहून झाल्यावर "नको" म्हणणे किती कठीण असते, हे ज्यांनी अनुभविले असेल त्यांना सांगावयास नको. आज घर धुऊन पुसून देणारी माणसे दूरध्वनीवर बोट टेकताच येतात. परंतु मोठ्या संकुलांत गाडी तळघरात उभी राहते, माणसे मागच्या उद्वाहनाने वर जातात, आणि शेजारच्या बिऱ्हाडाला काम झाल्याचा पत्ताही लागत नाही. अशा धंदेवाल्यांना पैसे खर्चून जे नाव सर्वांच्या नजरेस आणावे लागते, ते बूथच्या गाडीला नुसते उभे राहून मिळत होते.

बूथ १९५५ साली वारला. 'व्हॅक्युम क्लीनर' हे त्याच्या कंपनीच्या नावातील शब्द तोवर जगभर रूढ झाले होते. त्याच्या स्वतःच्या देशात मात्र गालिचा साफ करण्याला लोक 'हूवर करणे' म्हणू लागले होते, आणि अजूनही म्हणतात.