भीमेच्या उगमाशीं विद्यार्थी

करमाळा तालुक्यांतील केम हें गांव कुंकवासाठीं महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे. गांवाबाहेर पाऊल टाकलें कीं दिसतो तो माळ: विरळ गवत, बाभळी, बोरी आणि वर मोकळें आकाश. सोलापूर जिल्ह्यांत वर्षाकांठीं पाऊस पडतो तो साडेपांचशें मिलिमीटरच्या आसपास. अशा गांवच्या विद्यार्थ्यानें वर्षावनाचा अभ्यास कशासाठीं करावा? या प्रश्नाचें उत्तर तालुक्याच्या कडेला पसरलेल्या उजनीच्या जलाशयांत आहे. १९८० सालीं पूर्ण झालेल्या या धरणांतील पाणी भीमेचें व तिला मिळणाऱ्या नद्यांचें. आणि भीमेचा उगम भीमाशंकरच्या सदाहरित अरण्यांत आहे. करमाळ्याचा ऊंस पिकतो तो त्या डोंगरांच्या कृपेनें.

हें नातें पुस्तकांत वाचून कळतें, पण पटत नाहीं. केमच्या शाळेंतील मुलांची एखादी टोळी उगमाशीं नेऊन तिच्या हातीं पाण्याची घागर द्यावी. तीच घागर एकदां उघड्या उतारावर ओतावी व एकदां झाडांखालच्या पालापाचोळ्यावर. पहिलें पाणी माती घेऊन धांवतें. दुसरें जमिनींत मुरतें. धरणांत गाळ कां सांचतो, याचा धडा मुलांना त्यानंतर निराळा द्यावा लागत नाहीं.

भीमाशंकरचें अभयारण्य १९८५ सालीं जाहीर झालें. तेथील शेकरू एकाच वेळीं अनेक घरटीं बांधतो, आणि घरटीं मोजून त्याच्या संख्येचा अंदाज बांधतां येतो. वर मान करून अशी मोजणी करणें, हें शाळेंतील मुलांनाहि साधणारें काम आहे. हिरडा गोळा करणारे महादेव कोळी लोक तेथले खरे जाणते. पाहुण्या विद्यार्थ्यांनीं त्यांना वाटाडे न समजतां गुरु समजावें, आणि शिक्षणाचा योग्य मोबदलाहि द्यावा. देवराया राखणाऱ्या समाजाचें ज्ञान किती मोलाचें आहे, हें माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनीं १९७० नंतरच्या दशकांत आपल्या अभ्यासानें दाखवून दिलें.

मुलांच्या उत्साहाला जगांत मोठें फळ आलेलें आहे. १९८७ सालीं स्वीडनमधील एका लहान शाळेच्या मुलांनीं कोस्टा रिका देशांतील वर्षावन विकत घेण्यासाठीं पैसे जमविण्यास प्रारंभ केला. इतर देशांतील मुलें त्यांना मिळालीं, आणि आज ‘मुलांचें चिरंतन वर्षावन’ बावीस हजार हेक्टरांहून अधिक आहे.

परंतु उत्साहाला ज्ञानाची जोड नसेल, तर तो घातक ठरतो. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ सालीं सुरू झाली. तिचीं विशेष शिबिरें सात दिवसांचीं असतात. सात दिवसांत खड्डे खणून रोपें लावणें सोपें. तीं कोठें लावूं नयेत हें जाणणें अवघड. अरण्य पाहून भारावलेला विद्यार्थी परत येऊन गांवचा माळच झाडांनीं भरून काढूं लागला, तर तो सेवेच्या नांवाखालीं नाश करील. माळ म्हणजे उजाड झालेलें रान नव्हे. त्याच गवतासाठीं १९७९ सालीं सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत माळढोकाचें अभयारण्य स्थापन झालें. हा पक्षी मोकळ्या जमिनीवर बहुधा एकच अंडें घालतो. दाट झाडींत त्याला जागा नाहीं. आज साऱ्या देशांत हे पक्षी दोनशेंहूनहि कमी उरले आहेत, आणि सोलापुरांत तर त्याचें दर्शन अत्यंत दुर्मिळ झालें आहे.

म्हणून अरण्यांतील शिबिराची खरी परीक्षा अरण्यांत होत नाहीं. ती घरीं परतल्यावर होते. उगमाशीं झाड राखावें आणि माळावर गवत राखावें, एवढा विवेक ज्याच्या हातांना आला, त्याचा प्रवास सार्थकीं लागला. तो विवेक शिकवावयाचा, तर पालकांनीं व शिक्षकांनीं सहलीच्या खर्चाबरोबर मुलांच्या मळक्या कपड्यांचीहि तयारी ठेवली पाहिजे.