शरमेचे बारा दिवस
(बचतगटातील महिलांच्या शिबिरात केलेलं भाषण)



आमच्या केंद्रावर मागे एक बाई आल्या. त्यांच्या मोबाइलवर संदेश आला होता : 'लाडकी बहीण'ची केवायसी अपुरी आहे, आज केली नाही तर हप्ता बंद. खाली लिंक. बाईंनी ती दाबली, आधार नंबर भरला, खाते नंबर भरला, आलेला ओटीपीही भरला. शिवणकामाचे साठवलेले नऊ हजार गेले. पण त्या आमच्याकडे आल्या बाराव्या दिवशी. "घरात कळलं तर मोबाइलच काढून घेतील," म्हणून गप्प राहिल्या.

हे बारा दिवस चोराच्या पथ्यावर पडले. मला आज त्याबद्दलच बोलायचंय.

ही बाई बावळट होती का? सप्टेंबर २०२५ मध्ये या योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली. खऱ्या सरकारी संकेतस्थळावरही आधार आणि ओटीपी भरायचाच होता. स्वतःचा आणि वर पतीचा किंवा वडिलांचाही! ओटीपी भरायची सवय सरकारनेच लावली, चोराने तिचा फायदा घेतला.

मग खोटं ओळखायचं कसं?

पहिली खूण म्हणजे घाई. 'आज रात्री साडेनऊला वीज तोडू', 'आजच खातं बंद होईल'. विचार करायला, कुणाला विचारायला वेळच द्यायचा नाही, हा त्यांचा डाव.

दुसरी खूण लिंक. संदेशातली लिंक दाबूच नका. पत्ता स्वतः टाइप करा. पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या आधी पत्त्याचा शेवट काय आहे ते पाहा. सरकारी पत्ता 'डॉट जीओव्ही डॉट इन' असा संपतो. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांनाही 'डॉट बँक डॉट इन' असा पत्ता घ्यायला लावलाय.

तिसरी खूण पाठवणारा. साध्या दहा आकडी नंबरावरून 'बँके'चा किंवा 'वीज कंपनी'चा संदेश आला, तर तो खोटाच समजा.

आणि हे पाठच करा : यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. "पैसे जमा करतो, पिन टाका" म्हणणारा चोरच.

एवढं करूनही फसलात, तर ताबडतोब १९३० हा नंबर फिरवा, बँकेला कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळतात. ते मधेच अडवायचे तर मिनिटं मोलाची. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात म्हटलंय की, ओटीपी आपण स्वतः दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. म्हणजे गप्प राहिलेला प्रत्येक तास आपल्याच पदरचा.

बायांनो, "ओटीपी दिलासच कशाला?" हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. "रात्रीची बाहेर गेलीसच कशाला?" याचंच ते भावंड. गुन्हा करणारा बाजूलाच आणि जाब बाईला. त्यावर घरचा उपाय काय, तर तिचा मोबाइल काढून घ्यायचा! म्हणजे पैसेही गेले आणि जगाशी जोडलेली तारही तुटली.

गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्याला आलेला एक खोटा संदेश मोठ्याने वाचून दाखवा. कुणी फसली असेल तर तिला आधी एकच विचारा : "१९३० ला फोन केलास का?" केला नसेल तर तिच्या शेजारी बसून लावून द्या.