साडेबेचाळीस एकरांचा भाव



इंदूरमध्ये दुकानाचा गाळा विकत घ्यायला निघालात, तर दलाल रस्त्याची रुंदी सांगतो, मजला सांगतो, कलेक्टर गाइडलाइनचा दर सांगतो. पण इंदूरच्या विजयनगर भागातल्या गाळ्याला एवढा भाव येतो कुठून? तो येतो पिथमपूरच्या कारखान्यांतून, माळव्याच्या सोयाबीनमधून आणि खरेदीला, शिकायला, औषधपाण्याला इथे येणाऱ्या आसपासच्या जिल्ह्यांतल्या माणसांकडून. मुलूख कमावतो, म्हणून शहरातली जागा महाग होते. इथल्या बंद पडलेल्या हुकुमचंद कापड मिलच्या जमिनीपुरतं तर हे अगदी शब्दशः खरं आहे.

या जमिनीची गोष्ट सुरू होते रेल्वेपासून. इंदूरचे संस्थानिक दुसरे तुकोजीराव होळकर यांनी 1870 साली इंदूर-खांडवा रेल्वेसाठी इंग्रज सरकारला 1 कोटी रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्के व्याजाने, 101 वर्षांच्या मुदतीवर. संस्थानाने साम्राज्याला कर्ज द्यावं, ही दूरदृष्टी मला आजही थक्क करते. रेल्वे आली तशी निमाडच्या कापसाला वाट मिळाली. मग 1909 मध्ये माळवा मिल उभी राहिली, 1915 मध्ये सर सेठ हुकुमचंदांची मिल, पुढे राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी. गिरण्यांच्या भोंग्यांवर शेजारचा परदेशीपुरा जागा व्हायचा. कामगारांसाठी नंदानगर वसलं. पगाराच्या दिवशी बाजारात गर्दी व्हायची आणि दुकानदाराची उधारी फिटायची.

12 डिसेंबर 1991 ला हुकुमचंद मिल बंद पडली. जवळजवळ 6 हजार कामगार रस्त्यावर आले. पगार, ग्रॅच्युइटी, सगळंच अडकलं. यंत्रं जुनी झालेली, बँकांचीही देणी थकलेली. वसुली होणार ती जमिनीतूनच. शहराच्या मधोमध साडेबेचाळीस एकर! ही जमीन हातोहात खपायला हवी होती. पण ती राज्य सरकारची की महापालिकेची, हा वाद कोर्टात वर्षानुवर्षं चालला. लिलाव पुकारले गेले, खरेदीदार मिळाला नाही. मालकी स्पष्ट नसेल आणि तिथे नेमकं काय बांधता येईल हे ठरलेलं नसेल, तर कोट्यवधींच्या जमिनीवरही कोणी पैसा लावत नाही. शहरात मॉल उभे राहिले, सुपर कॉरिडॉरचा रस्ता झाला, सगळीकडचे भाव चढले. इकडे दोन हजारांहून अधिक कामगार पैशांची वाट बघत वारले. त्यांच्या विधवांनी अर्ज भरले, कोर्टाच्या तारखा सांभाळल्या.

शेवटी तोडगा निघाला. मध्य प्रदेश गृहनिर्माण मंडळाने महापालिकेशी करार करून रक्कम भरली आणि 25 डिसेंबर 2023 ला 224 कोटींचा धनादेश मिलची देणी भागवणाऱ्या लिक्विडेटरच्या हाती पडला. तोवर 32 वर्षं उलटून गेली होती. हे पैसे मिळाले याचा मला आनंद आहे. पण जमिनीचा वाद पहिल्या पाच-सात वर्षांत मिटवता आला असता, असं माझं ठाम मत आहे. खटला लांबतो त्याचं व्याज गरीब माणूस आयुष्याने भरतो.

आता तिथे घरं आणि व्यापारी संकुल बांधायची योजना आहे. एवढ्या वर्षांत मात्र त्या आवारात दाट झाडी वाढली आहे आणि ती तोडू नका म्हणून नागरिक उभे राहिले आहेत. मी त्यांच्या बाजूचा आहे. या भागात मोकळी सावली उरली आहेच किती! बांधकाम होईलच, तर गाळे लहानही असावेत. परदेशीपुऱ्यातल्या शिंप्याला, किराणावाल्याला परवडतील असे.

आणि एक मागणी. मिल बंद पडल्यावरही कामगारांनी वर्गणी गोळा करून अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, चालू ठेवल्या. ज्यांनी या जमिनीला भाव आणला, त्यांच्या झांकीला नव्या नकाशात हक्काची, कायमची शेड द्या. विक्रीचा पहिला करार होण्याआधी ती जागा कागदावर यायला हवी.