परिचारिकेच्या मनाचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



‘मन’ हा शब्द उच्चारला की आपल्यापैकी अनेकांना तो मध्यमवर्गीयांचा चोचला वाटतो. पगार, तास, नोकरीतील कायमपणा यांविषयी लढावे, मनाचे काय ते ज्याचे त्याने पाहावे, ही आपली जुनी समजूत. कोविडच्या साथीत, २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत, परिचारिकांच्या वाट्याला जे आले ते पाहिल्यावर ही समजूत टिकू नये. त्यांच्या मनाला झालेली इजा ही तास, संख्या आणि कंत्राट यांतूनच झाली आहे, असे माझे म्हणणे आहे.

२०२० हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका व सुईणींचे वर्ष म्हणून आधीच जाहीर केले होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माला त्या वर्षी २०० वर्षे पूर्ण होत होती. २२ मार्चला देशाने थाळ्या वाजवल्या, ३ मे रोजी हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुले उधळली गेली. त्याच सुमारास भाड्याच्या खोल्यांतून परिचारिकांना ‘सामान उचला’ म्हणून सांगितले जात होते. एप्रिलमध्ये मुंबईतील एका खासगी रुग्णालयात इतक्या परिचारिकांना लागण झाली की, ते रुग्णालयच प्रतिबंधित क्षेत्र ठरले. मे महिन्यात कोलकात्याच्या खासगी रुग्णालयांतून शेकडो परिचारिका मणिपूर आदी आपापल्या राज्यांत निघून गेल्या. त्यांना कर्तव्यच्युत म्हणणे सोपे आहे. देवी म्हणून पूजणेही तितकेच सोपे. देवीला पगार विचारावा लागत नाही!

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष असा की, अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका हवी. सर्वसाधारण वॉर्डात, शिक्षण रुग्णालय असेल तर तिघांमागे आणि इतरत्र पाचांमागे एक. ज्यांनी सरकारी रुग्णालयात आप्ताच्या उशाशी एक रात्र काढली आहे, त्यांना तेथील संख्या मी सांगायला नको. साथीत या ओझ्यावर संरक्षक किट चढले. ते एकदा अंगावर घातले की पाणी नाही, लघवीला जाणे नाही, पाळीचे दिवस असले तरी कपडा बदलणे नाही. जून २०२० मध्ये दिल्लीच्या एम्समधील परिचारिका आंदोलनाला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या मागण्यांत एक होती : किट घालून सलग चार तासांहून अधिक ड्यूटी नको. एवढे मागण्यासाठी आंदोलन करावे लागले.

व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांवर उपचार करताना मानसोपचारतज्ज्ञांना एक निराळी व्यथा दिसली. तिला आपण ‘नैतिक जखम’ म्हणू. ती भीती नव्हे आणि नुसता थकवाही नव्हे. योग्य काय ते पुरते ठाऊक असताना ते करता न येणे, किंवा वरिष्ठांनी ते करू न देणे, यातून ती होते. कोविड वॉर्डातील सिस्टरला शिकवलेले सगळे आठवत होते. कोणाची कूस बदलायची, कोणाचा ऑक्सिजन तपासायचा, कोणाला दोन घोट पाणी पाजायचे. पण दोन हातांत ते मावत नव्हते. नातेवाइकांना आत प्रवेश नव्हता. म्हणून मरणाऱ्याच्या कानाशी फोन धरून त्याच्या मुलाचा आवाज त्याला ऐकवण्याचे कामही तिचेच. ते संपले की लगेच शेजारच्या खाटेकडे वळायचे, आणि घरी गेल्यावर स्वतःच्या मुलाला जवळ घ्यायचे नाही. थकवा झोपेने उतरतो. ही जखम झोपच नाहीशी करते. तिच्यावर समुपदेशनाचा दूरध्वनी क्रमांक हा उपाय सांगितला गेला. समुपदेशन नको असे मी म्हणत नाही. ते जरूर हवे. परंतु वॉर्डात दुसरी परिचारिका न देता नुसता क्रमांक दिला, तर दोष तुझ्या मनात आहे, आमच्या हजेरीपटात नाही, असेच तिला सांगितले जाते.

आपल्या राज्यात तर याच्याही पुढची पायरी गाठली गेली. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागून १० बालके दगावली. परिचारिकांवर गुन्हे दाखल झाले. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून ११ कोविडरुग्ण मरण पावले. तीन दिवसांनी एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्यासह तीन परिचारिकांना अटक झाली. दोषादोषाचा निवाडा न्यायालयाचा. पण विजेच्या जोडण्या आणि अग्निशमनाची यंत्रणा परिचारिकेच्या अखत्यारीत कधीपासून आली? अशी बातमी वाचून त्या संध्याकाळी रात्रपाळीला निघालेली सिस्टर कोणत्या मनाने निघाली असेल?

साथीत काही महिन्यांच्या कंत्राटावर घेतलेल्या कित्येक परिचारिकांना लाट ओसरताच घरी बसवले गेले. मे २०२२ मध्ये, भरती खासगी संस्थांमार्फत करण्याच्या हालचालींविरुद्ध राज्यातील शासकीय परिचारिकांना संप करावा लागला. केंद्राच्या विमा योजनेत आरोग्य कर्मचाऱ्याच्या मृत्यूसाठी ५० लाख रुपयांची तरतूद होती. जी जगली, पण जिची झोप गेली, तिच्यासाठी त्या कागदावर रकानाच नव्हता.

खासगी रुग्णालयांची गोष्ट निराळी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी दिलेल्या निर्देशानुसार नेमलेल्या समितीने शिफारस केली की, २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतके, आणि ५० हून कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान २०,००० रुपये वेतन असावे. आपल्या तालुक्याच्या गावी हा आकडा कोण देतो, हे आपल्यापैकी कितीजणांनी विचारले आहे?

म्हणून माझी सूचना साधी आहे. पुढच्या महिन्यात प्रत्येक शाखेने आपल्या जवळच्या सरकारी रुग्णालयात रात्री दहानंतर जावे. वॉर्डात किती खाटा भरल्या आहेत, किती रुग्ण जमिनीवर आहेत आणि ड्यूटीवर किती परिचारिका आहेत, एवढे लिहून आणावे, आणि ते परिषदेच्या निकषाशेजारी मांडून जिल्हा शल्यचिकित्सकांपुढे ठेवावे. सिस्टर कामात असेल तर तिला थांबवून प्रश्न विचारू नका. पाळी सुटल्यावर फाटकाशी भेटा. आणि कोणाचेही नाव लिहू नका. कंत्राटी मुलीचे नाव बाहेर गेले, तर तिची पुढची नेमणूक होत नाही.